अठरा आण्यांचा रुपया

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या शिरपूर जैनहून आजवर लंडनला एकच गोष्ट गेली, ती म्हणजे भांडण. इथल्या मंदिरातल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पूजेच्या वेळा श्वेतांबर आणि दिगंबर मंडळींनी १९०५ साली करार करून वाटून घेतल्या. पण वाटणी झाली म्हणजे भांडण मिटतंच असं नाही, हे आमच्याकडे धुऱ्यावरून भांडणारा कोणीही सांगेल. प्रकरण कोर्टात गेलं, चढत चढत थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं आणि १९२९ साली लंडनमध्ये बसलेल्या न्यायमूर्तींना शिरपूर नावाचं गाव नकाशावर शोधावं लागलं. पुढे १९८१ मध्ये मंदिराच्या दाराला कुलूप लागलं, ते २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर उघडलं. असो. सांगायचं ते एवढंच, की वाटणी, हिस्सा आणि अपूर्णांक यांचं आमच्या गावाला वावडं नाही.

लंडनहून शिरपूरला मात्र काही आलं नव्हतं. ते आलं पोळ्याच्या दिवशी, शेजारच्या आबाजींच्या नातवाच्या खिशातून, चार घड्या घातलेल्या कागदावर. कागदावर घोड्यांची नावं होती आणि एका नावापुढे पेनाने इंग्रजी पद्धतीचा भाव लिहिला होता, ६/४.

नातू पुण्यात नोकरीला आहे. इंजिनीअर आहे आणि कंपनीत तो ‘डेटा पाहतो’, असं आजी सांगतात. डेटा पाहून पाहून कंटाळा आला म्हणून एका रविवारी तो मित्रांबरोबर रेसकोर्सवर गेला. पावसाळ्यात पुण्यात रेस असते, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर. तिथे त्याने एका घोड्यावर दोनशे रुपये लावले, घोडा आला, हातात पाचशे आले. ‘पाचशे कमावले’ ही बातमी त्याने आधी मित्रांना, मग आईला आणि आता ओट्यावर बसून आम्हा सगळ्यांना सांगितली. बैलांच्या शिंगांना बेगड लावता लावता आबाजींनी फक्त मान वळवली.

“लावले किती व्हते?”

“दोनशे.”

“मंग पाचशे कमावले कसे? तीनशे कमावले. बाकीचे तं तुयेच व्हते, तुले वापस भेटले. ते काय घोड्यानं देल्ले?”

इंजिनीअर गप्प. डेटा पाहणाऱ्याला डेटा दिसला नव्हता.

रेसच्या भावाची निम्मी गोम इथेच आहे. ६/४ म्हणजे चार लावा, सहा जिंका. खालचा आकडा तुमच्या खिशातला, वरचा बुकीच्या खिशातला. घोडा आला तर दोन्ही तुमचे, म्हणजे हातात दहा. घोडा नाही आला तर खालचा आकडा बुकीच्या पिशवीत जातो आणि वरचा तर आधीपासून तिथेच असतो. नातवाचे दोनशे म्हणजे पन्नास वेळा चार. पन्नास वेळा सहा म्हणजे तीनशे नफा. टोटवर पैसे लावले तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे सगळ्यांचे पैसे एका ढिगात जातात, वरचा वाटा कापून उरलेला ढीग जिंकणाऱ्यांत वाटतात आणि जो आकडा जाहीर होतो त्यात तुमची मूळ रक्कम धरलेली असते. म्हणजे एकाच मैदानावर मुद्दल धरून बोलणारे आणि मुद्दल सोडून बोलणारे असे दोन पंथ शेजारी शेजारी नांदतात. शिरपूरकराला हे नवल वाटू नये.

आमच्या मंडळीत एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिला आणि त्यांचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. ६/४? ३/२ का नाही? अतिसंक्षिप्त रूप देणे, अर्धा गुण वजा. आयुष्यभर पोरांचे अर्धे अर्धे गुण कापलेल्या माणसाला इंग्लंडच्या सगळ्या बुकींनी मिळून केलेली ही बेशिस्त सहन होईना. पण तिला कारण आहे. ५/४, ६/४, ७/४ अशी पावापावाची शिडी असते. खालचा चार कायम ठेवला की भाव एक पायरी चढला की दोन, हे धावपळीत नजरेनेच कळतं. मधेच कोणी ३/२ म्हटलं तर शिडीची एक पायरी दुसऱ्या सुताराने केल्यासारखी वाटते. त्याच्याही अधेमधे आठाची शिडी असते: ११/८, १३/८, १५/८. आणि इंग्लंडात एक जुना भाव आहे १००/३०, जो १०/३ न करता जुने लोक तसाच ठेवतात. हे ऐकल्यावर गुरुजींनी पेन खिशात घातलं आणि चहाकडे मोर्चा वळवला.

खरी गंमत पुढे झाली. नातवाने कौतुकाने आठाचे भाव वाचायला सुरुवात केली आणि मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. “तेरा भागिले आठ...”

“एक रुपया दहा आने,” आबाजी म्हणाले. बेगड चिकटत नव्हती म्हणून ते वैतागले होते, हिशेबामुळे नाही.

“१.६२५,” कॅल्क्युलेटर म्हणाला.

“अकरा भागिले आठ?”

“एक रुपया सहा आने.”

“पंधरा?”

“चौदा आने वर. अबे, आठ भाग म्हंजे दोन दोन आने. तुले शायेत काय शिकोलं?”

आबाजी शाळेत गेले तेव्हा शिरपूर अकोला जिल्ह्यात होतं आणि अकोला मध्य प्रदेशात. शाळेची वेळ संपत आली की पोरं भिंतीला पाठ लावून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी कोकलायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हा माणूस चौथीनंतर शाळेत गेला नाही, पण इंग्लंडमधल्या बुकीची अख्खी पाटी त्याच्या डोक्यात तयार आहे, फक्त तिच्यावर घोडे नाहीत. ५/४ ही सवायकी. ६/४ ही दिडकी. ५/२ अडीचकी, ७/२ औटकी. घोडा अगदीच खात्रीचा असला आणि भाव १/२ वर आला तर निमकी, १/४ वर आला तर पावकी. रुपयाचे सोळा आणे करणारे आणि पौंडाचे वीस शिलिंग करणारे लोक एकाच रोगाने पछाडलेले होते: अर्धं करा, पुन्हा अर्धं करा, पुन्हा अर्धं करा. आपण १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी घेतली आणि पाढे सोडले. इंग्रजांनी १५ फेब्रुवारी १९७१ ला शिलिंग सोडला, पण घोड्यांना ते कोणी कळवलं नाही. ते अजून पाव-निम्म्यावरच धावतात.

(आजी मधेच बाहेर येऊन म्हणाल्या, “घोड्याचं काय लावलं सनासुदीचं? बैलाले पुरनपोयी द्या पयले.” बैलाने त्यांच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं असावं.)

भाव उलटा झाला की आमच्या गावात गोंधळ उडतो. ४/६ म्हणजे सहा लावायचे आणि चार जिंकायचे. ज्याला टीव्हीवर निवडणुकीच्या दिवसांत फलोदीच्या सट्टाबाजाराच्या बातम्या पाहायची सवय आहे, त्याला हे लगेच कळतं. अमुक पक्षाचा भाव चाळीस पैसे म्हणजे रुपया लावून चाळीस पैसे सुटणार, म्हणजेच तो पक्ष येणार असं बाजाराला वाटतं. भाव जितका कमी तितका भरवसा जास्त. पण सोयाबीन पिकवणाऱ्याच्या गळी हे उतरवणं कठीण. वाशीम जिल्ह्यात भाव पडला म्हणजे काय, हे लहान पोरालाही माहीत आहे. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला, आणि बाजार समितीच्या आवारात तो आकडा फलकावर वाचायचा, काट्यावर नाही. तिथून आलेल्या माणसाला “या घोड्याचा भाव पडलाय, म्हणजे हा सगळ्यात चांगला” असं सांगून पाहा. तो तुमच्याकडे व्यापाऱ्याकडे पाहावं तसा पाहतो.

आता त्या दुपारचा मुख्य प्रसंग. नातवाला वाटत होतं की भाव म्हणजे घोडा जिंकण्याची शक्यता, निव्वळ गणित, त्यात लबाडी कुठून येणार? मी म्हटलं, ठीक आहे, सहा घोड्यांची एक शर्यत घेऊ. हिशेब सोपा जावा म्हणून भाव मीच मांडले. पहिला समसमान, म्हणजे १/१. दुसरा ३/१. तिसरा आणि चौथा ७/१. पाचवा आणि सहावा १५/१. शक्यता काढायची रीत अशी: वरचा आणि खालचा आकडा मिळवायचा आणि त्या बेरजेत खालचा किती, ते पाहायचं. ७/१ म्हणजे एकूण आठ, त्यात तुमचा एक. आठात एक. ३/१ म्हणजे चारात एक.

आबाजींनी बेगडाचे हात धोतराला पुसले आणि उजवा हात पुढे केला. जुनी माणसं आणे बोटांवर मोजायची. एका बोटाला तीन पेरं आणि चौथं टोक. चार बोटांचे झाले सोळा. अंगठा मोजणारा, तो मोजणीत नाही. पूर्ण रुपया एका हातावर बसतो.

“पयल्याचे निम्मे, आठ आने.” अंगठा दोन बोटं चालून गेला. “दुसऱ्याचे चार.” तिसरं बोट संपलं. “तिसऱ्याचे दोन. चवथ्याचे दोन.” करंगळीचं टोक आलं. हात भरला.

दोन घोडे अजून बाकी होते.

“पाचव्याचा एक आना,” मी म्हटलं, “सहाव्याचा एक.”

आबाजींनी करंगळीच्या पुढे पाहिलं. तिथे हवा होती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा सोळा संपले आणि दोन घोडे तबेल्यातच राहिले.

“रुपयात अठरा आने?”

“हो.”

“मंग हे वरचे दोन आने कोनाचे?”

“बुकीचे.”

“अन् घोडा कोनताही आला तं?”

“तरी बुकीचेच.”

आबाजी थोडा वेळ बैलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मंग शर्यत कायले लावता? त्यालेच पयला नंबर देऊन टाका अन् घरी जा.”

या गोष्टीला रेसच्या धंद्यात जाड जाड नावं आहेत, पण आबाजींच्या हातापेक्षा सोपं ते कोणीच सांगितलेलं नाही. पटत नसेल तर पैसे घालून पाहा. पहिल्या घोड्यावर लोकांनी आठशे लावले, दुसऱ्यावर चारशे, पुढच्या दोघांवर दोन-दोनशे, शेवटच्या दोघांवर शंभर-शंभर. बुकीकडे जमले अठराशे. आता कोणताही घोडा येऊ द्या. पहिला आला तर आठशेचे दुप्पट, सोळाशे. दुसरा आला तर चारशेचे चौपट, सोळाशे. सातास एकवाला आला तर दोनशेचे आठपट, सोळाशे. शेवटचा लंगडत आला तरी शंभराचे सोळापट, सोळाशे. दोनशे रुपये बुकीकडून हलतच नाहीत. लोक कुठे किती लावतात हे प्रत्यक्षात इतकं आखीव नसतं, म्हणून बुकी भाव सारखे खालीवर करत राहतो आणि म्हणूनच त्याचे डोळे घोड्यावर नसतात, पाटीवर असतात. शर्यतीच्या मैदानावर शर्यत न पाहणारा तो एकटाच माणूस आणि घरी हसत जाणाराही बहुधा तोच.

नातवाने वाद घालायचा म्हणून इंग्लंडमधल्या फॉइनेव्हनचं उदाहरण काढलं, आणि ते खरंच वजनदार आहे. १९६७ ची ग्रँड नॅशनल. अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची लांबलचक शर्यत. फॉइनेव्हन इतका मागे होता की त्याच्यावर कोणाचंच लक्ष नव्हतं, भाव १००/१. तेविसाव्या अडथळ्याजवळ स्वार नसलेला एक मोकाट घोडा आडवा गेला, त्याच्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि पुढचे झाडून सगळे एकमेकांत अडकले. मागून आपल्या बेताच्या चालीने येणाऱ्या फॉइनेव्हनला सगळा तमाशा आधीच दिसला. त्याने कडेने वाट काढली, उडी मारली, आणि जिंकला. त्या अडथळ्याला आज त्याचंच नाव आहे. आळशी माणसांना आयुष्यभर पुरेल असा हा आधार आहे आणि म्हणूनच तो घातक आहे. प्रत्येक रेसकोर्सवर शेवटच्या घोड्यावर पैसे लावून बसलेला एक तरी माणूस असतो, पुढचे सगळे पडण्याची वाट पाहणारा.

सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये चेन्नईच्या एका प्रकरणात सांगितलं आहे की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नुसत्या नशिबाचा नाही. घोड्याची वंशावळ, मागची कामगिरी, वजन, जॉकी, हे सगळं अभ्यासून अंदाज बांधता येतो. मी नातवाला विचारलं, तू कशावर निवडलास? तो म्हणाला, जॉकीच्या शर्टचा रंग आवडला. निकाल देताना कोर्टापुढे हा पुरावा नव्हता.

घोड्यांचं सोडा, आमच्याकडे शंकरपट आहे, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचं नाव वऱ्हाडात कोणालाही विचारा. २०१४ पासून बंदी, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी, मे २०२३ मध्ये घटनापीठाचं शिक्कामोर्तब, असा बैलांनीही कोर्टाचा फेरा पूर्ण केला आहे. पटात जोडी असते, धुरकरी असतो आणि घड्याळ असतं. भावाची पाटी नसते. तरी कडेला उभी असलेली माणसं “एकाले दोन” म्हणताना ऐकू येतातच, आणि तुम्ही वळून पाहिलंत की तीच माणसं चाऱ्याच्या किमतीवर बोलत असतात.

आबाजींचं जुगाराबद्दलचं मत ठाम आहे. जुगार वाईट. पत्ते नाहीत, आकडा नाही, लॉटरीचं तिकीटही कधी घेतलं नाही. हे सांगून ते उठतात आणि जूनमध्ये, आकाशाकडे एकदा पाहून, बियाणं आणि खत धरून हजारो रुपये उघड्या मातीत टाकतात. वर जॉकी नाही, खाली वंशावळीचा कागद नाही, आणि भाव हातात माल आल्यावर कळतो. त्यांच्या या शर्यतीची पाटी सरकार लावतं, तिला पैसेवारी म्हणतात. आबाजी अजून आणेवारीच म्हणतात. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, म्हणजे शर्यत चालू असताना भाव तीनदा बदलतो. पन्नास पैशांच्या खाली आली तर दुष्काळाच्या सवलतींचा विचार. एक्कावन्नाला अडकली तर घोडा नाकाच्या अंतराने हरला असं समजायचं.

मधे एक काळ आमचे शेतकरी जगातल्या कुठल्याही बुकीपेक्षा वरचढ भावात होते. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता. लेस्टर सिटी फुटबॉलची लीग जिंकेल यावर इंग्लंडच्या बुकींनी ५०००/१ असा भाव दिला, २०१६ मध्ये लेस्टर जिंकलं आणि त्याचं अजून कौतुक चालतं. इकडे एक रुपया लावून हेक्टरी त्याच्या कितीतरी पट संरक्षण, तेही तलाठ्याच्या कागदावर. तो भाव २०२५ च्या खरिपापासून गेला. आता खरिपातल्या सोयाबीनला विमा रकमेच्या दोन टक्के शेतकऱ्याचे.

नातवाच्या तीनशेचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. पुढच्या तीन शर्यतींत ते गेले आणि जाताना मूळ दोनशेही घेऊन गेले. हे त्याने आईला सांगितलेलं नाही. रेसकोर्सच्या कुंपणाबाहेर, पानठेल्यावर असं काही खेळणं कायद्याने गुन्हा आहे, हे आबाजींच्या समोर त्याला मी बजावलं. कुंपणाच्या आत सगळं रीतसर आहे, फक्त सप्टेंबर २०२५ पासून तिथे चाळीस टक्के जीएसटी आहे, आणि तो जिंकलेल्या पैशावर नाही, लावलेल्या रकमेवर. आबाजींच्या हातावर मांडायचं तर रुपयामागे सहा आण्यांहून थोडे जास्त, घोडा सुटण्याच्या आधीच. बुकीचे दोन आणे मग अगदी गरिबाचे वाटू लागतात.

इंडियन डर्बी १९४३ पासून चालू आहे, महालक्ष्मीला, सहसा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. चोवीसशे मीटर, अडीच मिनिटांचा मामला. आमच्या गावाहून पाचशे किलोमीटरच्या वर जायचं ते अडीच मिनिटांसाठी. तरी जमलं तर जरूर जा, घोडे फार देखणे असतात. पैसे लावण्याआधी मात्र पाटीवरचे सगळे घोडे आण्यांत मांडा आणि एका हाताच्या पेरांवर मोजा. सोळात बसले तर मला कळवा. मी आबाजींना घेऊन येतो.